दातपत्रिका

जिजाचा खालचा दात हलायला लागला आणि मोनालीची झोप उडाली.

“आई, बघ की, कसा डुलतोय!” पोरगी आरशाचा तुकडा हातात धरून जिभेनं दात पुढंमागं करत होती. नुकती सहा वर्षांची झालेली, आपण मोठं झालो म्हणून हरखलेली.

“जीभ लावू नगंस त्याला! राहू दे तसाच,” मोनाली खेकसली.

जीभ लावली नाही म्हणून दात पडायचा थोडाच थांबतो! पण आईचं काळीज, तिथं शहाणपण चालत नाही.

एक काळ होता, पोराचा दात पडला की घरात कौतुक व्हायचं. शेणाच्या गोळीत घालून दात कौलावर भिरकावून द्यायचा, नवा चांगला येऊ दे म्हणायचं आणि विसरून जायचं. आता पहिला दात सरकारजमा व्हायचा. शाळेतून निळी डबी यायची, तिच्यावर पोराचा नंबर. दात पडल्यापासून आठ दिवसांत डबी तहसील कचेरीतल्या यंत्राकडे गेली पाहिजे. महिन्याभरानं निकाल. कागदोपत्री त्याला ‘दंतालेख’ म्हणत. लोक म्हणत दातपत्रिका, कारण ती एकदा निघाली की पोराचं नशीब तिथंच लिहून झालेलं असायचं.

याची सुरुवात एका भल्या बाईच्या भल्या हेतूनं झाली होती. पुष्कळ संकटांची तशीच होते म्हणा. पुण्याच्या या संशोधक बाईंचं म्हणणं साधं होतं. दुधाचा दात पाळण्यात तयार होत नाही, तो आईच्या पोटात चौथ्या महिन्यापासून घडायला लागतो. त्याच्यावरचं कवच रोज एक पातळ थर असं चढत जातं. ज्या दिवसांत आई उपाशी राहिली, तापानं फणफणली, धास्तावून जगली, त्या दिवसांचे थर बिघडतात, काळपट रेघा उमटतात. आईच्या रक्तात शिसं असेल तर तेही त्या-त्या थरात जाऊन बसतं. पुढं रक्त बदलतं, हाडंसुद्धा हळूहळू नवी होतात, पण दाताचं कवच एकदा बनलं की बनलं. बाईंचं यंत्र दाताची केसाहून पातळ चकती कापायचं, तिच्यावर किरण सोडायचं आणि एकेक दिवस वाचून काढायचं. उपाशी पोरं हुडकावीत आणि त्यांना दूध, अंडी, औषधं जास्तीची द्यावीत, एवढंच बाईंना हवं होतं.

सरकारी समितीनं बाईंचा अहवाल वाचला आणि नेमका उलटा धडा घेतला. रेघाळ दातांची पोरं पुढं अभ्यासात मागं पडतात, आजारी पडतात, असं आकडे सांगतात ना? मग त्यांच्यावर चांगल्या शाळा वाया कशाला घालवायच्या? चार श्रेणी झाल्या. पहिल्या श्रेणीला डोंगरावरची निवासी शाळा आणि तिथून पुढची सगळी दारं उघडी. चौथ्या श्रेणीला पाचवीपासून ‘कौशल्यवर्ग’, म्हणजे अर्धा दिवस कारखान्यात सुटे भाग निवडत बसायचं. यात जात नाही, पैसा नाही, वशिला नाही, दात फक्त दात बघतो, असं मंत्री छाती पुढं काढून सांगायचे. तासमाळच्या वस्तीतली म्हातारी माणसं म्हणायची, पूर्वी जात विचारायचे, आता दात विचारतात, एवढाच फरक.

जिजाच्या दातात काय निघणार हे मोनालीला यंत्राशिवाय ठाऊक होतं. तासमाळला लागूनच जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा कारखाना होता. जिजा पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत ती त्या भट्टीवर उभी होती. एका दुपारी तिथंच घेरी येऊन पडली, तेव्हा शेजारच्या शालनआक्कानं तिला पाठुंगळी मारून फाटकापर्यंत आणलं होतं. आक्का स्वतः तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती, गौरा तान्ही होती. पुढं मोनालीचा नवरा ट्रकवर म्हणून गेला तो गेलाच, तेव्हा जिजाला आणि गौराला एकाच ताटात जेवू घातलं तेही आक्कानंच. वर्षापूर्वी गौराचा दात डबीतून गेला होता. चौथी श्रेणी. गौराचे हात थरथरायचे, तिला पेन्सिल धरता यायची नाही. तरी आक्का रोज तिच्या मुठीत पेन्सिल कोंबायची.

मोनाली आता भट्टी सोडून शहरात, उज्ज्वलाकाकूंच्या घरी स्वयंपाकाला जायची. एकोणिसावा मजला, डॉक्टर मुलगा, डॉक्टर सून आणि सानवी नावाची सात वर्षांची नात. काकू तोंडानं फटकळ, मनानं वाईट नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी मोनालीला बाल्कनीत बोलावलं आणि तिच्या हातात कागदी रुमालाची पुडी ठेवली.

“सानवीचा दुसरा दात पडला गं. पहिला गेला डबीत, त्याची पहिली श्रेणी आली, ते सोड. पण हा तरी रीतीनं कौलावर पडू दे. आता मला सांग, इथे एकोणिसाव्या मजल्यावर मी कौल कुठून आणू? खाली टाकला तर वॉचमनच्या टाळक्यात पडायचा!” काकू स्वतःच हसल्या. “सून म्हणते, आई, कचऱ्यात टाका. मला नाही बाई ते बघवत. तुझ्या घरावर पत्रा आहे ना? शेणही मिळत असेल तुमच्याकडे. तेवढा टाक तुझ्या पत्र्यावर.”

“टाकते की,” मोनाली म्हणाली. “त्यात काय एवढं.”

देवाशपथ, तोवर तिच्या मनात पाप नव्हतं. कामवाल्यांच्या लिफ्टनं खाली उतरेपर्यंत नव्हतं. वस्तीच्या कमानीशी आली तेव्हा मात्र मूठ घामानं ओली झाली होती आणि पुडी तिनं दोनदा उघडून बघितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचा तुकडा चावताना जिजाचा दात पडला. पोरगी रक्ताळलेलं तोंड पसरून हसली आणि दात आईच्या तळव्यावर ठेवून चूळ भरायला पळाली. मोनालीनं पुडी काढली. दोन्ही खालचेच, दोन्ही एवढेएवढेसे. कुठल्या आईच्या पोटात भट्टीचा धूर होता आणि कुठल्या आईच्या पोटात बदाम, हे त्यांच्याकडं बघून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. यंत्राला येणार होतं.

तिनं सानवीचा दात निळ्या डबीत टाकला. झाकण दाबलं की उघडत नसे, ते तिनं दाबलं. मग जिजाचा दात शेणाच्या गोळीत घालून बाहेर आली. “चल गं, टाक पत्र्यावर.”

“पण बाईंनी डबीत टाकायला सांगितलंय.”

“डबीतला डबीत गेला. हा तुझा आधीचा, रात्री पडलेला. तुला झोपेत कळलं न्हाई.”

जिजानं क्षणभर जीभ हिरडीवरून फिरवली. खड्डा एकच होता. पण आई खोटं कशाला बोलेल? तिनं गोळी भिरकावली, पत्रा वाजला आणि ती टाळ्या पिटत शाळेला गेली.

महिन्यानं निकाल आला आणि तासमाळवर गाड्याच गाड्या. वस्तीतल्या पोरीला पहिली श्रेणी! आजवर जिल्ह्यातल्या कुठल्याच वस्तीला लाभली नव्हती. दात कुणाचा हे रक्ताशी ताडून बघायची सोय होती, शंका आली तर तसा नियमही होता. कचेरीतल्या एका नव्या कारकुनानं तसं सुचवलं म्हणे. साहेब त्याच्यावर डाफरले. ही योजना गरिबांवर अन्याय करते म्हणून विधानसभेत वर्षभर बोंबाबोंब चालली होती आणि हा दात म्हणजे त्या सगळ्याला उत्तर होतं. त्याला कोण कशाला नख लावेल? जिजाचा फोटो कागलापासून कवठ्यापर्यंत फलकांवर झळकला. खाली ओळ होती, दात भेदभाव करत नाही.

मोनालीला वाटलं होतं, पोरगी गुपचूप डोंगरावर जाईल. एवढा गाजावाजा होईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. सत्काराच्या खुर्चीवर तिला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं, प्रत्येक माणूस आपल्याकडंच बघतोय असं वाटायचं.

बायकांच्या पोटात दुखलं, दुखणारच. पण शालनआक्का साखरेची वाटी घेऊन धावत आली. जिजाच्या तोंडात चिमूट घातली, मोनालीच्या घातली आणि ढसाढसा रडली. “आपल्या भट्टीतली पोर डोंगरावर चालली गं! एक तरी सुटली!” गौरा आईच्या पदराआडून बघत होती. जिजानं तिला आपला जुना पेन्सिलींचा डबा देऊन टाकला.

जूनमध्ये जिजा गेली. भेटायला वर्षातून दोनदा, फोन दर रविवारी पाचला, दहा मिनिटं. घरात एकाच ताटाचा आवाज यायला लागला. मोनाली स्वतःला बजावायची, पोरगी सुटली, बास. बाकी कुणाचं काय वाकडं केलंय मी? सानवीचं काय गेलं? कुणाचंच काही गेलं नव्हतं. तोवर.

भट्टीवरच्या चौदा बायकांनी कारखान्यावर खटला भरला होता, त्याला तीन वर्षं झाली होती. शालनआक्का सगळ्यांच्या पुढं. मागणी दोनच. आमच्या पोरांच्या अंगातलं शिसं काढायचा उपचार करा आणि भट्टी वस्तीपासून हलवा. पुरावा म्हणजे पोरांचे दात. दंतालेखात स्वच्छ दिसत होतं, ज्या महिन्यांत आई भट्टीवर होती, नेमके त्याच महिन्यांचे थर शिशानं भरलेले. ज्या यंत्रानं त्यांच्या पोरांना खाली ढकललं, तेच यंत्र आता त्यांच्या बाजूनं साक्ष देत होतं. बायका खटला जिंकत आल्या होत्या.

आणि कारखान्याच्या वकिलांनी जिजाचा दंतालेख कोर्टासमोर ठेवला. तीच भट्टी, तीच पाळी, आठ महिने. दात मात्र धुतल्या तांदळासारखा, शिशाचा मागमूस नाही. मग त्या चौदा बायकांच्या अंगात शिसं आलं कुठून? वकिलांनी स्वतःच उत्तर दिलं. घरातून. सवयींतून. या बायका दोन वेळा मिश्री लावतात, आणि बाजारातल्या मिश्रीत शिसं सापडलेलं आहे. मोनाली बनसोडे मिश्री लावत नव्हती. एका आईनं काळजी घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. दोष भट्टीचा कसा?

मोनालीला साक्षीचं समन्स आलं. कागद घेऊन ती दारातच बसली. संध्याकाळी शालनआक्का आली. मोनालीला वाटलं, आता ही झिंज्या धरणार. धरल्या असत्या तर बरं झालं असतं.

आक्का उंबऱ्यावर बसली.

“मोने, खरं सांगशील? तू कधीच लावली न्हाईस नव्हं मिश्री?”

“न्हाई आक्का. मला मळमळायचं त्या वासानं.”

“मी लावायची गं. गौराच्या येळेला तर लईच. भूक मरायची तिनं. भाकरी पुरायची न्हाई म्हणून दिवसातनं चारदा लावायची.” आक्काचा आवाज फुटला. “मी आपली भट्टीला शिव्या घालत बसली. आणि पोरीच्या अंगात इख मीच घातलं व्हय?”

“आक्का, असं काय बोलतीस! भट्टीचंच हाय ते!”

“मग तुझ्या जिजाला कसं न्हाई झालं?”

बोलायचं तर आताच बोलायचं होतं. एक वाक्य होतं. पण ते बोललं तर जिजाचं काय? खोट्या दाताचं पोर सापडलं तर त्याचा दात पुन्हा कधी घेत नाहीत, त्याच्या नावापुढं ‘बनावट’ असा शिक्का बसतो आणि त्याला कौशल्यवर्गसुद्धा मिळत नाही. जिजा डोंगरावरून खाली येणार ती थेट भट्टीच्या फाटकात. आणि गप्प राहिलं तर गौराचा हात थरथरतच राहणार.

“मला काय म्हाईत आक्का,” ती म्हणाली. “मी अडाणी बाई. यंत्राला कळतं.”

“व्हय. यंत्र कशाला खोटं बोलंल,” आक्का म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. गल्लीत दोघी-तिघी मोनालीच्या नावानं बोटं मोडत होत्या, त्यांना तिनंच गप्प केलं. “आपलेच दात नि आपलेच ओठ गं. ती काय खोटं बोलायला चाललीय का? इचारतील ते सांगंल.”

कोर्टात पंखा होता, तरी मोनालीची पाठ भिजली. न्यायाधीश बाई तरुण होत्या, मायाळू आवाजाच्या. त्यांनी पाणी द्यायला सांगितलं.

“मोनालीताई, डबीत दात तुम्ही स्वतः घातलात?”

“व्हय.”

“तो तुमच्या मुलीचाच होता?”

समोरच्या बाकावर चौदा बायका. मागं कारखान्याची माणसं. पलीकडं सोनी उभी होती, भट्टीवरची नवी पोरगी, सहावा महिना, पोटावर हात. शालनआक्का मांडीवर गौराला घेऊन बसली होती आणि मोनालीकडं बघून तिनं मान हलवली, घाबरू नकोस म्हणून. तिच्या डोळ्यांत राग असता तर मोनालीला खरं बोलता आलं असतं. तिला खरंच तसं वाटलं. तिनं डोळे मिटले, तर डोंगरावरची शाळा दिसली, इस्त्रीचा गणवेश घातलेली, दोन घट्ट वेण्यांची जिजा दिसली.

“माझ्या पोरीचाच,” ती म्हणाली.

निकालाला पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. एकाच भट्टीवरच्या एका आईचं मूल निर्दोष निघतं, त्याअर्थी भट्टी हेच कारण आहे असं सिद्ध होत नाही. खटला काढून टाकला. उपचार नाही, भट्टी जिथल्या तिथं. दुसऱ्या दिवशी सोनी नेहमीप्रमाणं भट्टीवर पाळीला गेली.

बायका रडल्या, भांडल्या, कोर्टाला शिव्या घातल्या. आक्कानं शिवी दिली नाही. घरी येऊन तिनं मिश्रीचा डबा उचलला आणि गटारात उपडा केला. मग गौराला समोर बसवलं, तिचे थरथरते दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. सख्ख्या लेकीच्या पायांवर! “माफ कर गं बाई. तुझ्या आईनं तुझं वाटोळं केलं.” गौराला काही समजेना, ती भेदरून रडायला लागली. पत्र्याच्या भिंतीपलीकडून मोनालीनं ते सगळं ऐकलं. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती जमिनीवर पडून राहिली. दोन दिवस तिनं चूल पेटवली नाही.

तिसरा दिवस रविवार. पाचाच्या सुमाराला आक्का पिठलं-भाकरी घेऊन आली.

“उपाशी मरतीस काय? खा. कोर्टाचं कोर्टापाशी. तू खरं बोललीस, तुझा काय दोष?” तिनं ताट पुढं सरकवलं आणि तिथंच बसली, मोनाली खाते की नाही ते बघायला. गौरा तिच्या पाठीला टेकून बसली.

तेवढ्यात फोन वाजला. मोनालीनं तो नेहमीसारखा मोठ्या आवाजावर लावला. आजवर दर रविवारी आक्का आणि गौरा ऐकायला यायच्याच.

“आई, कशी आहेस?” जिजाचं बोलणं चार महिन्यांत पार बदललं होतं.

“बरी हाय गं. तू जेवलीस न्हवं?”

“आई, ‘आहे’ म्हण ना. ‘हाय’ म्हटलं की मुली हसतात. ऐक, आज आम्हाला वर्गात शिकवलं. बाई म्हणाल्या, आमचे दात चांगले कारण आमच्या आयांनी पोटात असताना आमची काळजी घेतली. ज्यांच्या आयांनी नाही घेतली, ती मुलं खालच्या श्रेणीत जातात. त्यांना मदत करूनही काही उपयोग नसतो म्हणे, कारण ते दातातच असतं.”

मोनालीनं हातातला घास ताटात ठेवला.

“आई, मला गौरा आठवली. मी बाईंना म्हटलं, माझी मैत्रीण आहे, तिची चौथी श्रेणी आहे. बाई म्हणाल्या, मग तिच्या आईनं काळजी घेतली नसेल, तुझ्या आईला विचार.” मग पोरीनं विचारलं, “आक्कामावशीनं नव्हती घेतली का गं काळजी?”

गौरा आईकडं बघायला लागली. मोनालीनं आक्काकडं बघितलं. आक्काचे डोळे भरून आले होते, पण तिनं पदरानं ते पुसले आणि हातानं खूण केली.

“सांग की,” ती हळूच म्हणाली. “पोरीशी खोटं बोलू नगंस. खरं हाय ते सांग.”

“आई? आहेस ना?”

“आहे,” मोनाली म्हणाली. “नाही घेतली गं तिनं.”